ट्रस्टी म्हणजे विश्वस्त की न्यासी? आणि ते 'शासन' करतात का?

शिरोरेघ
मंडळी, एका अनुवादात अडकले आहे. इंग्लंडमधल्या एका छोट्या गावच्या संग्रहालयाचं चार पानी माहितीपत्रक मराठीत करायचंय. जुन्या वस्तू आणि जुने कागद अशी दोन्ही कामं एकच चॅरिटी बघते, त्या चॅरिटीवर आठ-दहा ट्रस्टी आहेत, आणि मूळ मजकुरात ते संस्था 'गव्हर्न' करतात. पहिल्या खर्ड्यात मी लिहिलं होतं, 'विश्वस्त या धर्मादाय संस्थेवर शासन करतात.' आईला वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "शासन म्हणजे शिक्षा ना गं? कोणाला करतात?" तेव्हापासून एकही शब्द धड वाटेनासा झालाय. विश्वस्त की न्यासी? धर्मादाय चालेल का? आणि 'गव्हर्न'चं काय करू?

खडीसाखर
न्यासी नको. तो हिंदीतला सरकारी शब्द आहे, तिथे 'न्यासी मंडल' असतं. त्यांना न्यासी घ्यावाच लागतो, कारण हिंदीत 'विश्वस्त' म्हणजे नुसता भरवशाचा. 'विश्वस्त सूत्रों से' मिळालेली बातमी आपण मराठीत 'विश्वसनीय सूत्रांकडून' अशी देतो, कारण आपल्याकडचे विश्वस्त देवळात, वाचनालयात आणि शिक्षणसंस्थेत बसलेले असतात.
आणि हात जोडून विनंती, 'विश्वस्थ' लिहू नका. निम्म्या देवळांच्या पाट्यांवर 'विश्वस्थ मंडळ' रंगवलेलं असतं. गृहस्थ, तटस्थ, मध्यस्थ यांतला 'स्थ' म्हणजे तिथे असणारा. त्या हिशेबाने विश्वस्थ म्हणजे विश्वात असणारा, म्हणजे तुम्ही, मी आणि पाटी रंगवणारा पेंटरही.

रुमाल
न्यासाला इतकं झटकून टाकू नका. संस्कृतात न्यास म्हणजे दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवलेली ठेव. शाकुंतलाच्या चौथ्या अंकाच्या शेवटी कण्व म्हणतो, 'प्रत्यर्पितन्यास इवान्तरात्मा'. शकुंतलेला सासरी धाडल्यावर, दुसऱ्याची ठेव परत केल्यासारखं मन हलकं झालं. वस्तू दुसऱ्याची, सांभाळ माझा, आणि एक दिवस ती जशीच्या तशी परत करायची. संग्रहालयाला याहून नेमका शब्द कुठला?
व्यवहारातही न्यास मेलेला नाही. पाटी 'सार्वजनिक न्यास नोंदणी कार्यालय' अशीच असते. कायद्याचं नाव मात्र 'महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम', मूळचा १९५०चा मुंबईचा. देवस्थानांत तर प्रत्येकाची तऱ्हा वेगळी: प्रभादेवीला 'सिद्धिविनायक गणपती मंदिर न्यास', शिर्डीला 'साईबाबा संस्थान विश्वस्तव्यवस्था', पंढरपूरला नुसती 'मंदिर समिती'.
माझं मत असं, की संस्थेला न्यास म्हणावं आणि माणसाला विश्वस्त. 'न्यासाचे विश्वस्त' कानाला खटकत नाही.

खडीसाखर
ठेव वगैरे ठीक. पण मुलीला ठेव म्हणणाऱ्या कण्वाबद्दल वेगळा धागा काढू या :)

ओवीटाका
विश्वस्तच्या पोटात काय आहे ते बघण्यासारखं आहे. मूळ धातू श्वस्, म्हणजे श्वास घेणे. विश्वास, विश्वस्त, आश्वासन, आश्वस्त सगळे त्याच घरातले. वि-श्वस् म्हणजे मोकळा श्वास घेणे, धास्ती न वाटणे, आणि मग भरवसा ठेवणे. विश्वस्त हे कर्मणि भूतकालवाचक रूप: ज्याच्यावर विश्वास टाकला गेला तो. हे पद माणूस स्वतः मिळवत नाही, विश्वास टाकणारं दुसरं कोणीतरी लागतंच. 'मालक', 'प्रमुख', 'संचालक' म्हटलं की तो दुसरा माणूस शब्दातून गायब होतो, म्हणून मला विश्वस्त आवडतो. (संस्कृतात विश्वस्त म्हणजे 'विश्वास ठेवणारा' असाही अर्थ होतो. सभासदांच्या बाबतीत बहुधा तोच खरा.)
कोणी हौसेने स्त्रीलिंगी 'विश्वस्ता' करायला जाईल म्हणून आधीच सांगते, करू नका. अमरकोशात 'विश्वस्ताविधवे समे' आहे. विश्वस्ता म्हणजे विधवा. बाईही विश्वस्तच.

शिरोरेघ
अरे देवा! पत्रकात तीन महिला ट्रस्टींचे फोटो आहेत आणि मी खरंच 'विश्वस्ता' लिहिलं होतं. वाचवलंत.

टेम्सकाठ
'गव्हर्न'बद्दल थोडं, इथे राहून जे दिसतं त्यावरून. अशा छोट्या संग्रहालयात पगारी माणसं दोन-तीन. कुठली वस्तू कुठल्या कपाटात, कुठल्या कागदाला आम्लमुक्त खोका, हे ते बघतात. ट्रस्टी वर्षातून चार-सहा वेळा बसतात, धोरण आणि अंदाजपत्रक ठरवतात, हिशेब मंजूर करतात, आणि बुडालं तर जाब त्यांना विचारतात. पगार साधारणपणे नाही, फार तर प्रवासखर्च. म्हणून 'कारभार पाहतात' हेही अर्धंच बरोबर, त्याने रोजची उठाठेव डोळ्यापुढे येते. 'नियमन' तर नकोच, ते चॅरिटी कमिशनचं काम, आपल्याकडच्या धर्मादाय आयुक्तांसारखं.
मोठ्या संग्रहालयाचं उदाहरण हवं तर लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्टचं घ्या, वाघनखांमुळे ते आपल्याकडे घरोघरी पोचलंच आहे. १९८३च्या नॅशनल हेरिटेज कायद्याने त्याला विश्वस्त मंडळ दिलं. १२ ते २० माणसं, नेमणूक पंतप्रधानांची. संग्रह त्या मंडळाच्या स्वाधीन, पण मनात आलं म्हणून कोणाला देऊन टाकता येत नाही. दुबार प्रत असेल, संग्रहात ठेवण्याजोगी उरली नसेल, किंवा खराब होऊन निकामी झाली असेल, अशा मोजक्या वाटांनीच वस्तू बाहेर जाते. म्हणून २०२४च्या जुलैत वाघनखं साताऱ्याला आली ती तीन वर्षांच्या बोलीवर. आपल्या बातम्यांत मात्र 'परत आणली', 'मायदेशी परतली' असे मथळे. शब्दचर्चेच्या दृष्टीने बोलायचं तर ती 'उसनी' आली आहेत. (ती महाराजांचीच का, हा वाद इथे नको. पेटीवरचा मजकूर ती इंग्रज रेसिडेंट ग्रँट डफला साताऱ्यात मिळाल्याचं सांगतो, आणि संग्रहालयही त्यापलीकडे ग्वाही देत नाही.)

रुमाल
हेच तर म्हणतोय! ताबा आहे, मालकी मिरवता येत नाही. न्यास!

अडत्या
धर्मादायवर कोणीच बोललं नाही म्हणून. आमचं भुसार मालाचं दुकान होतं. बिलात हमाली, तोलाई आणि खाली चार आणे 'धर्मादाय' लागायचे, त्यातून पांजरपोळाला आणि पाणपोईला पैसे जायचे. आपल्या १९५०च्या कायद्यात या धर्मादायासाठी वेगळं कलमच आहे. माझ्या पिढीला धर्मादाय म्हटलं की ती बिलाची ओळ नाहीतर मोफत दवाखाना आठवतो. पितळी दिवे आणि जुनी पत्रं जपणाऱ्या संस्थेला धर्मादाय म्हटलं तर लोक विचारतील, तिथे जेवायला मिळतं का?

टेम्सकाठ
अडत्याशी सहमत. इथल्या कायद्यात (चॅरिटीज ॲक्ट, २०११) सार्वजनिक हिताच्या हेतूंची यादी आहे. गरिबी निवारण त्यात आहे, तसंच कला, संस्कृती, वारसा, विज्ञान यांची वाढ हाही स्वतंत्र हेतू आहे. जुने कागद जपणं हीच चॅरिटी, त्यात दानधर्म शोधायला नको.

खडीसाखर
मग 'सार्वजनिक न्यास' म्हणा की. घ्या, रुमालराव, जिंकलात.

देवडी
एक गोष्ट राहिली. आपल्याकडच्या कित्येक संस्था दोनदा नोंदलेल्या असतात, १८६०च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि पुन्हा १९५०च्या कायद्याखाली. म्हणून पत्रिकेवर अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार अशी 'कार्यकारिणी' असते आणि धर्मादाय कार्यालयात तीच माणसं 'विश्वस्त'. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं वेगळं, त्याच्या विश्वस्त मंडळाला १९०९चा स्वतंत्र कायदाच आहे.
विश्वस्त बदलला की ९० दिवसांत कळवायचं असतं, त्याला सगळे 'चेंज रिपोर्ट' म्हणतात. मराठीत 'बदल अर्ज' आहे, पण वकिलाच्या तोंडी मी तो कधी ऐकला नाही. आमच्या गावच्या वाचनालयात दोन विश्वस्त हार घातलेल्या तसबिरींत आहेत आणि शेड्यूल वनच्या, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या नोंदवहीच्या, उताऱ्यावर अजून हयात. गेल्या वर्षी छपराच्या दुरुस्तीसाठी बँकेने त्यांच्या सह्या मागितल्या.

ओवीटाका
याला विश्वस्थ म्हणायला माझी हरकत नाही. विश्वात विलीन.

शिरोरेघ
सगळ्यांचे आभार. नवा खर्डा असा:
'हे संग्रहालय व दप्तरखाना एका सार्वजनिक न्यासाच्या मालकीचे आहेत. न्यासाचे विश्वस्त धोरण ठरवतात, हिशेबावर देखरेख ठेवतात, आणि संस्थेच्या कारभाराला तेच जबाबदार असतात. या कामाचे ते मानधन घेत नाहीत.'
आईने पास केलं.

रुमाल
'मालकीचे' काढा. दोन दिवस आपण काय बोलतोय! 'न्यासाच्या स्वाधीन' करा.
दप्तरखाना वाचून मात्र बरं वाटलं. सरकारी 'पुराभिलेखागार'पेक्षा तो सोपा, पेशवे दप्तरामुळे कानावरून गेलेला.

खडीसाखर
माझ्या नातवाला विचारलं, दप्तरखाना म्हणजे काय. म्हणाला, शाळेत बॅगा ठेवतात ती खोली.

शिरोरेघ
'जुन्या कागदपत्रांचे दालन' करते. 'स्वाधीन'ही केलं.