गॅसची पाइपलाइन नसलेल्या गावात घर कसे तापवावे: तेलाचा बॉयलर की हीट पंप?

शेकोटी
इंग्लंडच्या हेरफर्डशरमधल्या आमच्या खेड्यात गॅसची पाइपलाइन नाही आणि ती येण्याची चिन्हेही नाहीत. घर शंभर वर्षांहून जुने, भरीव दगडी भिंतींचे. परसात तेलाची टाकी आणि स्वयंपाकघरात आता थकलेला बॉयलर. इथे ज्याला हीटिंग ऑइल म्हणतात ते मुळात आपले रॉकेलच. दुरुस्तीला येणारा प्रत्येक जण पुन्हा तेलाचाच बॉयलर बसवा म्हणतो. माझे मन मात्र बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या हीट पंपाकडे झुकते आहे. एक तर ऑक्टोबर 2023 मध्ये इंग्लंड आणि वेल्समधले त्यासाठीचे अनुदान 5,000 वरून 7,500 पौंडांवर गेले. शिवाय घरगुती विजेच्या दराला ऑफजेम या सरकारी ऊर्जा नियामकाची कमाल मर्यादा असते, तेलाला ती नाही. मार्च 2022 मध्ये, युक्रेनवरील आक्रमणानंतर, तेल लिटरला एक पौंडाच्या वर गेले तेव्हा आम्ही टाकीत काठी बुडवून किती बोटे तेल उरले ते पाहत होतो. विरुद्ध मते जरूर मांडावीत.

रॉकेलवाला
विरुद्ध मत माझे. चांगल्या बॉयलरमधून एका लिटर तेलाची सुमारे 9 युनिट उष्णता मिळते. पंप एका युनिट विजेत 3 युनिट उष्णता देतो असे धरले, तर तेवढ्याच उबेला 3 युनिट वीज लागेल आणि युनिटला 27 पेन्स दर धरल्यास तिचे 81 पेन्स होतील. तेल त्याखाली आहे तोवर बॉयलरच स्वस्त, आणि आमच्या गावात बारा घरे मिळून एकदम मागणी नोंदवतात, त्यामुळे मला ते बरेच खाली मिळते. शिवाय नोव्हेंबर 2021 च्या आर्वेन वादळात उत्तर इंग्लंड आणि स्कॉटलंडमधली काही घरे आठवडाभराहून अधिक काळ विजेविना होती, हे विसरू नये.

कोमट
वीज गेली की तुमचा बॉयलरही बंद पडतो, कारण बर्नरला आणि पाणी फिरवणाऱ्या मोटरला वीजच लागते. वादळाचा मुद्दा लाकडाच्या शेगडीच्या बाजूने जातो, तेलाच्या नव्हे.

आता तुमच्या हिशेबातला 3 हा आकडा. तो पंपावर लिहून येत नाही. रेडिएटरमध्ये पाणी किती गरम सोडावे लागते त्यावर तो ठरतो. आमच्याकडे पंप बसवणाऱ्याने पाणी 55 अंशांवर ठेवले होते आणि पहिल्या हिवाळ्याचे बिल पाहून घरात अबोला झाला होता. नंतर प्रत्येक खोलीतून किती उष्णता बाहेर जाते ते मोजून नऊपैकी पाच रेडिएटर मोठे बसवले, पाणी 42 वर आणले, आणि हिवाळाभराची सरासरी 3.6 आली, म्हणजे तुमच्या 81 चे साडेसदुसष्ट पेन्स झाले. रेडिएटरला हात लावून सासूबाई म्हणाल्या, ‘हे बिघडलेले दिसते,’ पण खोलीत 20 अंश होते. सकाळी तासभर भडका आणि मग बंद, ही बॉयलरची सवय मात्र सोडावी लागते. पंप मंद आणि दिवसभर चालू ठेवायचा असतो.

ओसरी
आधी माळ्यावर लोकरीचा जाड थर घाला, खिडक्यांच्या फटी बुजवा, मग हा वाद घाला. दगडी भिंतींना सिमेंटचा गिलावा देऊ नका, ओल आत अडकते. आणि आत्ताच, थंडी आहे तोवर, बॉयलरच्या पाण्याच्या तापमानाचा काटा जितका खाली येईल तितका आणून दोन दिवस राहून पाहा. घर उबदार राहिले तर तुमचे रेडिएटर पंपालाही बरेचसे पुरतील.

रॉकेलवाला
वीज गेल्यावर बॉयलरही बंद पडतो हे मान्य, वादळाचा मुद्दा मी मागे घेतो. परंतु पाच रेडिएटर, गरम पाण्याचा मोठा सिलिंडर आणि फुटलेली फरशी यांचा खर्च अनुदानातून भागतोच असे नाही. माझ्या बॉयलरला सिलिंडर लागत नाही. तो ठेवायचा म्हटला तर आमच्या घरात देवघर हलवावे लागेल, आणि तो ठराव मी घरात मांडणार नाही.

शेकोटी
आमच्याकडे सिलिंडरचे कपाट आधीपासून आहे, इडलीचे पीठ त्यातच फुगते. काटा आज खाली आणला आहे. खोलीनिहाय मोजणीत पाणी 45 अंशांच्या आत बसले तर पंप घेईन. नाही बसले तर तुमच्या बारा घरांच्या मागणीत तेरावे घर चालेल का, ते विचारीन.