क्रॉस स्टिच: खंड्याची चोच डोक्याला लागत नाही, काय करू?

अर्धी_फुली:

नमस्कार. सुईदोऱ्याशी माझा संबंध आजवर तुटलेल्या बटणापुरताच. तीन आठवड्यांपूर्वी खंड्या पक्ष्याचा एक नमुना फार आवडला. ६० घरं रुंद, ८४ घरं उंच. नुसत्या फुल्या तर मारायच्या आहेत, त्यात काय, असं म्हणून बसले. आता पक्षी अर्ध्याच्या वर झालाय आणि रोज नवीन काहीतरी बिघडलेलं दिसतं.

चोचीचं आधी सांगते. पोटाचा नारिंगी रंग आवडतो म्हणून पोट पहिल्यांदा भरलं. मग कंटाळा आला म्हणून २३ रिकामी घरं मोजून थेट चोचीवर उडी मारली. आता डोकं भरत भरत तिथवर पोचले, तर चोच एक घर खाली! पक्षी दचकल्यासारखा दिसतोय.

दुसरं म्हणजे डोकं आणि पाठ एकाच लडीतल्या निळ्याने भरलीय, तरी दोन्हीकडचा निळा वेगळा दिसतो. दिव्याखाली तर जास्तच. पोटातून पांढरं कापड डोकावतं, अंगावर पुरळ उठल्यासारखं. दोऱ्याचा दर पाच मिनिटांनी गुंता होतो तो निराळाच. आणि चौकट मी आधीच आणून ठेवली आहे, ५ बाय ७ इंचांची. नमुन्यावर १४ काउंटला साधारण ४.३ बाय ६ इंच असं छापलंय, पण माझा पक्षी चौकटीबाहेर जाणार अशी लक्षणं आहेत.

कापड मॅटीचं आहे, म्हणजे विणीतच चौकोनी घरं असलेलं, दोरा सहापदरी, त्यातले दोन पदर घेते. सुई घरात होती तीच. सगळं उसवू का? खरं सांगा, पण जरा हळू सांगा.

फुलीगोळा:

उसवायच्या आधी एक पट्टी घ्या. कापडावर ठेवून एका इंचात किती घरं बसतात ते मोजा आणि इथे लिहा. उभी आणि आडवी, दोन्ही मोजा. काही मॅटी दोन्हीकडून सारखी नसते, मग नमुन्यात गोल असला तरी कापडावर अंडं उमटतं.

माझा अंदाज असा की तुमच्याकडे १४ नाही, ११ काउंट आलंय. काउंट म्हणजे इंचात घरं किती, एवढंच. ११ ने भागलं तर तुमचा ६० बाय ८४ चा पक्षी जवळपास साडेपाच इंच रुंद आणि साडेसातच्या थोडा वर उंच होतो. म्हणून चौकट पुरत नाही. आणि पोटावरचं पुरळही तिथूनच येतं. १४ ला दोन पदर पुरतात, ११ ची घरं मोठी, तिथे तीन लागतात. एकाच चुकीच्या दोन तक्रारी आहेत त्या. कापड घेताना नुसतं "मॅटी द्या" म्हणून चालत नाही, आकडा विचारायचा. मीही पहिल्यांदा असंच आणलं होतं. टेबलाच्या मधोमध ठेवायचा नमुना टेबलाएवढा झाला.

आता निळ्याचं. डोकं भरताना रिंग, म्हणजे कापड ताणून धरायचं कडं, आडवी फिरवली होती का? हात सोयीचा पडावा म्हणून? फुलीत खालची तिरकी रेघ एका दिशेने आणि वरची दुसऱ्या दिशेने असते. वरची रेघ संपूर्ण कामात एकाच बाजूला झुकलेली हवी, कारण उजेड तिच्यावरूनच परततो. रिंग पाव फेरा फिरवून भरलं की तीच फुली उलट झुकते. रंग तोच, झळाळी वेगळी. पूर्ण उलटी, म्हणजे अर्धा फेरा फिरवली असती तर काही बिघडलं नसतं, गंमत आहे. रिंगच्या वरच्या कडेला एक दोरा बांधून ठेवा, वर कुठे आहे ते कळायला.

सुई बदलाच. शिवणाची टोकदार सुई कापडाच्या विणीत घुसते, आधीच्या टाक्याचे पदर फाडते आणि फुल्या वाकड्या पडतात. बोथट टोकाची आणि मोठ्या नेढ्याची सुई हवी, १४ काउंटला २४ नंबर, ११ ला २२. ती भोक शोधते, पाडत नाही.

गुंता बहुतेक दोऱ्याच्या लांबीमुळे होतोय. किती घेता? हाताच्या बोटांपासून कोपरापर्यंत, ४५-५० सेंटिमीटर, त्याच्या पुढे जाऊ नका. लांब दोऱ्याने सुई ओवायचे कष्ट वाचतात आणि तेवढाच वेळ गाठी सोडवण्यात जातो. सहा पदरांतून दोन एकदम ओढू नका. एकेक वर ओढून काढायचा आणि मग शेजारी शेजारी जुळवायचे. भरता भरता दोऱ्याला पीळ बसत जातो, तेव्हा मधूनमधून कापड उचलून सुई खाली लोंबकळू द्यायची. ती स्वतःच गरगर फिरून पीळ उतरवते. बघायलाही बरं वाटतं.

धावदोरा:

चोचीबद्दल. रिकाम्या कापडावर २३ घरं मोजणं म्हणजे अंधारात जिना उतरणं, एक पायरी कुठेतरी चुकतेच. छापील नमुन्यावर दर दहा घरांनी जाड रेघ असते ना? तीच कापडावर आणा. घडी चारपदरी घालून मधलं घर शोधा, तिथून चारही बाजूंना दर दहा घरांनी साधा धावदोरा घाला. मी बारीक नायलॉनचा दोरा वापरते. सुई त्याला टोचू शकत नाही, म्हणून शेवटी ओढला की सरळ निघतो. सुती दोरा मधे टोचला गेला तर तिथेच अडकून बसतो, आणि चिमट्याने उपटताना जीव वर येतो.

आखायला एक संध्याकाळ जाते. मला ते काम कंटाळवाणं वाटतं, तरी करते.

मागून_सुंदर:

एक राहिलं. अर्धी_फुली, दोरा सुरू करताना गाठ मारता का? मारत असाल तर थांबा. गाठ चौकटीत पुढून टेंगूळ होऊन दिसते, नाहीतर भोकातून सटकून वर येते. दोन पदरांनी भरताना एकच पदर दुप्पट लांब घ्यायचा, दुमडायचा, दोन्ही टोकं नेढ्यात. पहिला अर्धा टाका घातला की मागच्या फाशातून सुई काढायची. गाठ नाही, शेपूट नाही. आणि मागची बाजू पुढच्याइतकीच नीट ठेवायची सवय आत्ताच लावा, नंतर लागत नाही.

फुलीगोळा:

फाशाची युक्ती उत्तम, पण ती सम पदरांनाच चालते. यांना ११ काउंटला तीन लागले तर उपयोग नाही. तिथे इंचभर शेपूट मागे बोटाने धरायची आणि पहिल्या पाच-सहा फुल्यांखाली दाबून टाकायची. संपवतानाही तसंच, मागच्या टाक्यांखालून सुई न्यायची.

मागची बाजू पुढच्याइतकी नीट हवी हे मात्र मला पटत नाही. चौकटीत गेल्यावर मागे पुठ्ठा लागतो, पुठ्ठा काही बघत नाही. दोनच गोष्टी सांभाळा. मागे गाठींची टेकडी नको. आणि गडद दोरा रिकाम्या पांढऱ्या कापडामागून ओढत नेऊ नका, तो पुढून सावलीसारखा दिसतो. बाकी मागे जंगल असलं तरी चालेल. माझं आहे.

अर्धी_फुली:

मोजलं. उभी ११, आडवी ११. चोरी पकडली गेली.

आणि हो, रिंग फिरवली होती! डोक्याच्या वेळी दिवा डावीकडे होता म्हणून पाव फेरा वळवून बसले होते. आत्ता नीट पाहिलं तर डोक्याच्या फुल्यांची वरची रेघ डावीकडे झुकलीय आणि पाठीची उजवीकडे. तीन आठवडे मी दोऱ्याच्या रंगाला दोष देत होते.

दोरा मी हातभर नाही, चांगला दीड हात घेत होते. गाठही मारत होते. म्हणजे एकही चूक सोडली नाही.

आता प्रश्न असा. याच कापडावर पोटाला तिसरा पदर वरून भरता येईल का? की १४ चं आणून नव्याने करू? चोचीचं काय?

फुलीगोळा:

वरून तिसरा पदर घालू नका. फुलीवर फुली चढते, जाड दिसतं आणि घरं ओढली जातात. चोच एक घर सरकलेली असेल तर ती उसवायची गरज नसते, मानेत एक ओळ कमी-जास्त केली की मिटतं. नमुना फक्त तुमच्याकडे आहे, बघणाऱ्याकडे नाही. मी उसवते ते फक्त पुढची मोजणी बिघडवणारी चूक असेल तेव्हा. उसवायचंच झालं तर सुई दोऱ्यातून काढून नेढ्याच्या बाजूने एकेक टाका उचला, आणि तो दोरा परत वापरू नका, त्याला लव सुटलेली असते.

पण तुमच्या बाबतीत चोच, झुकाव आणि पदर, तिन्ही बिघडलंय. शिवाय चौकट ५ बाय ७ ची घेऊन ठेवलीय. मी असते तर १४ वर नव्याने केलं असतं. चारही बाजूंना तीन-तीन इंच जास्त कापड ठेवा, म्हणजे साधारण १०.५ बाय १२. जुन्या तुकड्यावर डोळ्याभोवतीच्या उलट्या टिपेचा सराव करा, ती एकाच पदराने घालायची. रात्री रिंग काढून ठेवत जा. नाहीतर तिचा वळ धुतल्यावरही लवकर जात नाही.

अर्धी_फुली:

१४ आणलं, २४ ची सुईही आणली. पट्टी लावून पुन्हा मोजलं, आता विश्वास कुणावरच नाही. काल संध्याकाळी मधलं घर शोधून दर दहा घरांनी आखणी केली आणि आज मधूनच सुरुवात केली, उडी न मारता. चाळीस फुल्या झाल्या, सगळ्यांची वरची रेघ उजवीकडे. रिंगच्या वर लाल दोरा बांधलाय.

जुना दचकलेला खंड्या फेकवत नाहीये. त्याच्या डोळ्यावर टीप घालून बघते आधी.

धावदोरा:

आखणी दोऱ्याने केलीत ना? पाण्याने जाणाऱ्या पेनने केली असेल तर धुतल्याशिवाय इस्त्री लावू नका. उष्णतेने ती रेघ कापडात कायमची बसते.

अर्धी_फुली:

नायलॉनच्या दोऱ्याने. एवढं तरी बरोबर केलंय!