शब्दचर्चा : मूर्च्छा, बेशुद्धी, चक्कर आणि भोवळ

‘मूर्च्छा’ आणि ‘बेशुद्धी’ हे शब्द वैद्यकीय लेखनात एकमेकांऐवजी वापरावेत का, या प्रश्नावर माझे उत्तर नकारार्थी आहे. बेशुद्धी ही व्यापक अवस्था आहे. डोक्याला मार लागल्याने, रक्तातील साखर फार उतरल्याने किंवा विषबाधेनेही माणूस बेशुद्ध होतो आणि तासन्‌तास तसाच राहू शकतो. मूर्च्छा मात्र संपूर्ण मेंदूचा रक्तपुरवठा थोडा वेळ घटल्यामुळे येते. ती अचानक येते, अल्पकाळ टिकते आणि आपोआप पूर्णपणे ओसरते. ‘मूर्च्छ्’ या संस्कृत धातूला घट्ट होणे, गोठणे असाही अर्थ आहे आणि संगीतातली ‘मूर्च्छना’ त्याच धातूची. तरीही आजच्या वाचकाला मूर्च्छा म्हणजे काय ते नेमके कळते, त्यामुळे नवा पारिभाषिक शब्द घडवण्याचे कारण मला दिसत नाही.

खरी अडचण ‘चक्कर’ या शब्दाची आहे. आजूबाजूचे सगळे गरगर फिरणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, नुसता तोल जाणे आणि शुद्ध हरपून कोसळणे, या चारही गोष्टी रुग्ण ‘चक्कर आली’ एवढ्यानेच सांगतो. म्हणून केसपेपरवर ‘चक्कर’ लिहून थांबू नये. शुद्ध गेली होती का, हे पाहणाऱ्याला विचारून स्वतंत्र लिहावे. ‘झटके आले’ या शब्दांचेही तसेच आहे. मूर्च्छेतही हातपाय क्षणभर झटकले जाऊ शकतात, त्यामुळे तेवढ्यावरून ‘फीट’ लिहिणे घाईचे ठरते. जिभेच्या कडेला चावा आणि नंतर बराच वेळ टिकणारा गोंधळ असेल, तर अपस्माराची (फीट येण्याच्या आजाराची) शक्यता बळावते.

क्रियापदाच्या रूपाकडे तर याहूनही बारकाईने पाहायला हवे. ‘धावताना पडला’ आणि ‘धावून थांबल्यावर पडला’ या दोन वाक्यांत रुग्णाला दाखल करण्याचा निर्णय बदलू शकतो, कारण श्रम चालू असताना आलेली मूर्च्छा महाधमनीची झडप अरुंद होणे, हृदयाचा स्नायू जाड होणे किंवा हृदयाची लय बिघडणे अशा विकारांकडे बोट दाखवते. ‘आडवा असताना’ आलेली मूर्च्छा, आधी जाणवलेली छातीतली धडधड, घरात कुणाचा तरुणपणी झालेला अकस्मात मृत्यू, ज्ञात हृदयविकार किंवा ईसीजीतला दोष हेही दाखल करून हृदयाच्या लयीवर सतत लक्ष ठेवण्याच्या बाजूचे मुद्दे आहेत. उलट, रक्त पाहून किंवा बराच वेळ उभे राहून, मळमळ आणि घाम येऊन मूर्च्छा आली असेल आणि तपासणी व ईसीजी निर्दोष असतील, तर रुग्णाला बहुधा समजावून घरी पाठवता येते. उभे राहिल्यावर 3 मिनिटांत वरचा रक्तदाब 20 किंवा खालचा 10 अंकांनी उतरला, तर कारण तिथेच सापडण्याचा संभव असतो.

मूर्च्छेनंतर रुग्णाला गंभीर त्रास होण्याची शक्यता किती, हे आजमावणारा 2004 चा सॅन फ्रान्सिस्को नियम किंवा 2016 चा कॅनेडियन गुणांक यांविषयी मराठीत लिहिताना ‘धोका’पेक्षा ‘जोखीम’ हा शब्द मला योग्य वाटतो, कारण त्यात शक्यतेचे मोजमाप अभिप्रेत असते.

शुद्ध न जाता ती जाण्याच्या बेतात आली, तर त्याला ‘भोवळ’ म्हणावे, ही सूचना मला मान्य आहे. मात्र शब्द सौम्य म्हणून तपासणी सौम्य होता कामा नये. भोवळीमागेही तीच कारणे असू शकतात, म्हणून तिथेही रुग्णाची हकिगत, उभ्याने व आडव्याने घेतलेला रक्तदाब आणि ईसीजी हे सारे तितकेच आवश्यक आहे.