मदत हवी आहे: उबुंटू टाकल्यापासून विंडोजचा पर्यायच येत नाही

जुळारी
लॅपटॉप चालू केला की थेट उबुंटू (लिनक्स) उघडतं. विंडोज कुठेच नाही. भाच्याने रविवारी उबुंटू टाकून दिलं आणि तो बंगळूरला परत गेला, आता फोन उचलत नाही. दिवाळी अंकाची सगळी पानं विंडोजमध्ये आहेत आणि परवा छापखान्यात पीडीएफ द्यायची आहे. विंडोज परत कसं आणायचं तेवढंच सांगा. विंडोज चांगलं की लिनक्स, ही चर्चा कृपया नको.

कोकणकडा
उबुंटूची आवृत्ती कोणती? डिस्क एक की दोन? सुरू होताना कोणती सिस्टिम हवी ते निवडायची यादी येते पण तीत विंडोज नाही, की यादीच येत नाही?

मंदार_जर्सी
बूट रिपेअर हे लॅपटॉप सुरू होण्यातल्या अडचणी दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर उतरवून घ्या, 'शिफारस केलेली दुरुस्ती' दाबा. दरवेळी मी हेच करतो, दोन मिनिटांचं काम.

जुळारी
यादी वगैरे काही येत नाही. आवृत्ती कुठे बघायची? बूट रिपेअर टाकू का?

कोकणकडा
नका टाकू! मंदार, लॅपटॉप सुरू करण्याच्या दोन पद्धती असतात, नवी यूईएफआय आणि जुनी लेगसी. विंडोज यूईएफआयवर आणि उबुंटू लेगसीवर बसलेलं असेल तर ग्रबमधून (उबुंटूबरोबर येणारा, सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम) विंडोज सुरूच होत नाही. ते तपासल्याशिवाय बूट सेक्टरला (डिस्कवरची सिस्टिम सुरू करणारी जागा) हात लावायला सांगू नका, माणसाचं काम अडलंय.
जुळारी, आवृत्ती सेटिंग्जमध्ये 'अबाउट'खाली असते. पण त्याआधी 'फाइल्स' उघडा, डावीकडे 'अदर लोकेशन्स'वर जा. विंडोजचं मोठं पार्टिशन (डिस्कचा वेगळा केलेला भाग) दिसतं का? भाच्याने पूर्ण डिस्क पुसायचा पर्याय निवडला असेल तर गोष्ट वेगळी.

मंदार_जर्सी
बूट रिपेअर आधी अहवाल दाखवतं, लगेच काही बदलत नाही. उगाच घाबरवू नका त्यांना.

कोकणकडा
अहवाल वाचता येणाऱ्यासाठी ते ठीक आहे. तुम्हीच वर थेट दुरुस्तीचं बटण दाबायला सांगितलंत.

शमा_पुणे
पानं पेजमेकर या पानं जुळवायच्या सॉफ्टवेअरमधली का? मग विंडोज हवंच कशाला, लिबरऑफिस ड्रॉमध्ये पेजमेकरची फाइल उघडते.

जुळारी
पेजमेकर सात, श्रीलिपी फाँट. ड्रॉमध्ये उघडून बघितलं, अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं आली.
२४.०४ आहे. पार्टिशन आहे! आत युजर्समध्ये अंकाचा फोल्डरही दिसतो.

कोकणकडा
उत्तम, म्हणजे विंडोज पुसलेलं नाही. पहिल्यांदा तो फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, बाकीचं नंतर.
मग लॅपटॉप बंद करा. चालू करताना बूट मेन्यूची कळ दाबत राहा. डेल, लेनोवोवर बहुधा एफ१२, एचपीवर एस्केप दाबून एफ९, असूसवर एस्केप. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' असेल तर तेच निवडा. हा रस्ता ग्रबला वळसा घालून जातो.

शमा_पुणे
श्रीलिपीचे जुने फाँट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या सामाईक अक्षर-संकेताचे, नाहीत, म्हणून ती चिन्हं. पेजमेकर सात २००१चं आहे हो! पुढचा अंक स्क्रायबस या मोफत पानजुळणीच्या सॉफ्टवेअरवर करा, १.६ मध्ये देवनागरी जोडाक्षरं नीट बसतात. वेलांट्या तपासायला मी बसेन तुमच्याबरोबर.

गावकरी
युनिकोड केलं तरी छापखाने जुन्याच फाइली मागतात. आमच्या तालुक्याच्या गावी तर सीडीआर (कोरलड्रॉची फाइल) सोडून काही घेत नाहीत.

शमा_पुणे
पीडीएफमध्ये फाँट एम्बेड करून, म्हणजे फाइलीतच घालून द्या, कुठलाही छापखाना घेतो. हा वाद दहा वर्षं ऐकतेय.

दत्ता_आयटी
ग्रबची पार्श्वभूमी बदलायची असेल तर ग्रब कस्टमायझर वापरा, फार सुंदर थीम मिळतात.

जुळारी
एफ१२ दाबून विंडोज उघडलं!! कोकणकडा, तुमचे उपकार विसरणार नाही. पानं आहेत तशी आहेत. पण दर वेळी कळ दाबत बसायचं का?

कोकणकडा
नाही. आधी अंक पाठवा, मग सावकाश हे करा. ग्रब २.०६ पासून, म्हणजे २०२१ पासून, ओएस-प्रोबर, म्हणजे डिस्कवरच्या इतर सिस्टिम शोधणारा प्रोग्रॅम, मुळातच बंद ठेवलेला असतो. तो प्रत्येक पार्टिशन रूट (सर्वोच्च) अधिकाराने उघडून बघतो, त्यात सुरक्षेचा धोका आहे म्हणून. तो बंद असला की ग्रबला फक्त उबुंटू माहीत असतं, आणि एकच पर्याय असला की उबुंटू यादी दाखवतच नाही. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतंय.
आज्ञा देवनागरीत लिहितोय, तुम्ही रोमन अक्षरांत टाका. टर्मिनलमध्ये: सुडो नॅनो /ईटीसी/डिफॉल्ट/ग्रब. त्यात 'ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर=फॉल्स' ही ओळ असेल, पुढे हॅश असेल तर तो काढा. ओळच नसेल तर शेवटी घाला. फाइलमध्ये सगळी मोठी अक्षरं, फक्त बरोबरच्या चिन्हापुढचं फॉल्स छोट्या अक्षरांत. जतन करा, मग सुडो अपडेट-ग्रब.

मंदार_जर्सी
हे बरोबर आहे. एक भर घालतो: विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर ग्रबमधून गेल्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा.

जुळारी
बिटलॉकर बंद आहे, आत्ताच पाहिलं. अंक छापखान्यात गेला. अपडेट-ग्रब चालवल्यावर 'फाउंड विंडोज बूट मॅनेजर' अशी ओळ आली आणि आता यादीत दोन्ही दिसतात. शमाताई, स्क्रायबसबद्दल व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.