आईची शुगर आणि विसरणं: दोन्हींचा संबंध असतो का?

यावलकर_लेक: आई 68 वर्षांची, 14 वर्षांपासून मधुमेह. परवा पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळक्या काड्यांवर) वांगी भाजली, भरीत केलं, मीठ दोनदा घातलं. ते ठीक. पण काल एकादशीला पोटात काही नसताना दुपारी घामाने डबडबली आणि मला मामाच्या नावाने हाक मारली! शुगर 58. साखरपाणी दिल्यावर भानावर आली. जीव अजून थाऱ्यावर नाही.

भुसावळचा_भाऊ: ताई, मेंदू मुख्यतः ग्लुकोजवरच चालतो. शुगर 70 च्या खाली गेली की माणूस भांबावू शकतो. ग्लिमेपिराइड, म्हणजे शुगर उतरवणारी गोळी, चालू आहे का? ती गोळी घेऊन उपास नकोच. तीन चमचे साखर पाण्यात, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा. बेशुद्ध असतील तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना.

चोपडा_शेतकरी: आणि रक्तातलं बी12 जीवनसत्त्व तपासा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी वर्षानुवर्षं घेतली की ते कमी होऊ शकतं, त्यानेही विसरायला होतं. माझ्या वडिलांचं तेच निघालं. वाढलेली शुगरही मेंदूच्या बारीक रक्तवाहिन्या हळूहळू खराब करते, बीपीही बघा.

यावलकर_लेक: ग्लिमेपिराइडच आहे, भाऊ. उद्या डॉक्टरांकडे नेते. उपास सोडायला माय तयार नाही, रात्री बसून समजावते.