'टेक' म्हणजे घेणे, असं मुलांना शिकवावं का?

खडूफळा
सहावीच्या मुलांची शिकवणी घेते. गेल्या आठवड्यात वह्या तपासताना एक वाक्य दिसलं: 'आय गेव्ह द एक्झाम अँड टुक आउट अ फोटो.' परीक्षा दिली आणि फोटो काढला! पोराचं मराठी चोख आहे. इंग्रजीत मात्र परीक्षेलाही 'टेक' आणि फोटोलाही नुसतं 'टेक'. लाल पेन हातात होतं, पण खूण करवेना. 'टेक म्हणजे घेणे' हे मीच त्याच्याकडून घोकून घेतलं होतं.

माझं मत आता पक्कं झालंय. 'टेक'ला एकच मराठी अर्थ जोडून देणं बंद करावं. आपण अंघोळ करतो, फोटो काढतो, परीक्षा देतो, प्रवासाला दोन तास लागतात, आजीला दवाखान्यात नेतो. आपली पाच क्रियापदं, त्यांचं एकच. म्हणून शब्द सुटा देऊच नये, 'टेक अ बाथ', 'टेक अ फोटो' असा नामासकट द्यावा. 'आय टुक द बस'चा अर्थ एका मुलीने 'मी बस विकत घेतली' असा लिहिला. मी शिकवलं तेच तिने लिहिलं.

ओसरी
ताई, तळमळ कळते, पण पटलं नाही. निर्णय घेणे, भाग घेणे, सूड घेणे, कर्ज घेणे, जबाबदारी घेणे, काळजी घेणे, या सगळ्या ठिकाणी 'टेक' चपखल बसतो. 'मनावर घेणे' तर थेट 'टेक टु हार्ट'. 'छत्री घेऊन जा' यातही घेणं आहेच. एवढं आयतं हाताशी असताना मुलांना जोड्यांची माळ पाठ करायला लावायची? आधी एक खुंटा पक्का रोवा, अपवाद मागून येतील.

आणि हे काही इंग्रजीचंच खूळ नाही. आपलं 'लागणे' बघा. भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, झोप लागते, पैसे लागतात, आणि ती माझी मावशी लागते. परक्या माणसाला हे शिकवायचं झालं तर तुम्हीही कुठूनतरी एका अर्थापासूनच सुरुवात कराल ना?

उंबरठा
ओसरीकाका, तुमचा खुंटा परीक्षेपाशी उखडतो. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो. लेकीने व्हिडिओ कॉलवर आजीला सांगितलं, "मी आज टेस्ट घेतली." आजी म्हणाली, "कुणाची गं?" दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आपल्याकडे शाळा परीक्षा घेते आणि मूल देतं. इंग्रजीत शिक्षक देतो, मूल 'टेक' करतं. अगदी उलट! लेक 'शॉवर घेतला' म्हणते, 'फोटो घेतला' म्हणते. 'टेक म्हणजे घेणे' या समीकरणाने तिचं मराठी बिघडतंय आणि ताईंच्या मुलांचं इंग्रजी. मी खडूफळाताईंच्या बाजूने.

ओसरी
परीक्षेचं मान्य. पण मग मुळाशी जाऊ. 'टेक' हा इंग्रजीचा घरचा शब्दच नाही. जुन्या इंग्रजीत घेण्याला 'निमन' म्हणत, जर्मनमधल्या 'नेमेन'चं भावंड. ९व्या शतकापासून डेन्मार्ककडचे डेन लोक इंग्लंडच्या उत्तरेला आणि पूर्वेला येऊन वसले, त्यांच्या भाषेतला 'ताका' रुजला आणि पुढे 'निमन' मागे पडला. त्याचा एक तुकडा अजून जिवंत आहे: दाताच्या इंजेक्शननंतर गाल 'नम' होतो, तो 'नम'. जणू संवेदना कुणी घेऊन गेलं.

या 'ताका'चा अर्थ पकडणे, हाती धरणे. आता तुमच्या बसवाल्या मुलीला सांगा. आपणही बस पकडतोच की! खुंटा 'घेणे'वरून 'पकडणे'वर हलवा, पण काढू नका.

पायवाट
दोघांचाही उपाय 'टेक ऑफ'ला पुरत नाही. विमान 'टेक ऑफ' करतं आणि दारात आपण बूटही 'टेक ऑफ' करतो. 'टेक आफ्टर'ला तर आपण म्हणतो, पोरगी आईवर गेलीय. तिथे घेणंही नाही, पकडणंही नाही. हे अख्खेच शिकावे लागतात.

खडूफळा
काका, 'बस पकडणे' मनापासून आवडलं, वर्गात सांगणार. 'नम'ची गोष्टही सांगणार, मुलं ती विसरणार नाहीत. पण खुंट्यावर मी अजून राजी नाही. फोटो पकडत नाहीत, अंघोळही नाही, आणि पेपर लिहिताना मूल मुळापर्यंत जाऊन परत येत नाही, जिभेवर जे बसलंय तेच उतरवतं.

त्या वाक्यावर मी अजून लाल खूण केलेली नाही. उद्या त्याला शेजारी बसवून वहीत दोन रकाने आखणार आहे: डावीकडे मराठीतलं पूर्ण वाक्य, उजवीकडे इंग्रजीतलं पूर्ण वाक्य. पहिली ओळ त्याच्याच परीक्षेची.