भाड्याची इमारत फायद्यात कशी ठेवता? – अनुभव धागा

एखादा फ्लॅट भाड्याने देणं वेगळं आणि अख्खी इमारत चालवणं वेगळं. इमारतीत वीस स्वयंपाकघरं, वीस संडास, एक गच्ची, एक लिफ्ट, आणि कुठेही काही बिघडलं तरी बिल एकाच माणसाच्या नावावर. ज्यांनी इमारती सांभाळल्या आहेत त्यांनी इथे नेमकं लिहावं: काय मोजता, काय बदलता, पैसा कुठून गळतो. भाडेकरूंचे किस्से नकोत, त्यांना अंत नाही.

*

आधी हिशोब. सगळी घरं वर्षभर भरलेली धरून भाड्याची बेरीज करा. त्यातून रिकामे महिने आणि बुडीत भाडं काढा. मग कर, विमा, पाणी, सामाईक वीज, साफसफाई, दुरुस्ती, व्यवस्थापन वजा करा. उरतं ते निव्वळ उत्पन्न. कर्जाचा हप्ता यात येत नाही, तो त्यानंतर. निव्वळ उत्पन्नाला वर्षाच्या हप्त्यांनी भागून उत्तर १.२५ च्या खाली आलं, तर दोन घरं रिकामी आणि त्यात पंप जळाला की खिशात हात घालावा लागतो.

विकत घेताना विकणाऱ्याचा खर्चाचा तक्ता संशयाने वाचा. त्यात व्यवस्थापन बहुधा शून्य असतं, कारण तो स्वतःच राबत असतो. तुम्हीही राबणार असलात तरी तो खर्च धरा. जुन्या इमारतीत हप्ता सोडून भाड्याच्या निम्मा खर्च धरून चालावं, निदान पहिल्या अंदाजाला.

आणखी एक. इमारतीची किंमत उत्पन्नावरून ठरत असेल आणि खरेदीदार ८ टक्के परतावा मागत असतील, तर वर्षाला १०० वाचले की किमतीत १,२५० ची भर पडते. म्हणून गळका नळ हा मालकाचा विषय आहे, नुसता प्लंबरचा नाही.

*

वरच्या हिशोबात सगळ्यांत महाग ओळ रिकाम्या घराची. एक महिना म्हणजे वर्षाच्या भाड्याचे ८.३ टक्के. ५ टक्के वाढीसाठी वेळेवर पैसे देणारा भाडेकरू घालवलात आणि घर महिनाभर पडून राहिलं, तर तेवढं भरून यायला २० महिने लागतात. रंग आणि दलाली त्यात धरलेली नाही.

करार संपायच्या ९० दिवस आधी राहणार की जाणार ते विचारायचं. जाणार असेल तर तो राहत असतानाच पाहणी करून दुरुस्तीला लागणाऱ्या सामानाची यादी काढायची. चाव्या हातात आल्यावर वायरमन आणि प्लंबर, मग भिंतींना लांबी (पुट्टी), मग रंग, आणि साफसफाई सगळ्यांत शेवटी. हा क्रम मोडला की रंगवलेल्या भिंतीला झिरी पडते आणि रंगारी पुन्हा बोलवावा लागतो.

सगळ्या घरांत रंगाची एकच छटा, नळाचं एकच मॉडेल, कुलपाची एकच जात ठेवा. मग डब्यात उरलेला रंग पुढच्या घराला चालतो आणि कपाटात दहा तऱ्हेचे सुटे भाग लागत नाहीत. मात्र कुलपाचं सिलिंडर (चावी फिरते तो भाग) दर भाडेकरूमागे बदलायचंच. काढलेलं दुसऱ्या घरात फिरवता येतं.

सगळे करार एकाच महिन्यात संपू देऊ नका. काही ११, काही १४ महिन्यांचे केले की ते आपोआप विखुरतात. ऐन मंदीत संपणारा करार दोन महिने वाढवून देणं केव्हाही स्वस्त.

*

पाण्याबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे पैसा आवाज न करता जातो.

गळती आहे का हे पाहायला नुसता मुख्य मीटर बघून भागत नाही. गच्चीवरची टाकी भरत असली की तो फिरणारच. रात्री २ वाजता पंप बंद करा, टाकीत पट्टी धरून पातळी घ्या, ४ वाजता पुन्हा घ्या. टाकी २ बाय ३ मीटरची असेल तर १ सेंटिमीटर उतार म्हणजे ६० लिटर. दोन तासांत ५ सेंटिमीटर उतरली तर ३०० लिटर, म्हणजे दिवसाला ३,६०० लिटर कोणी न वापरता चालले. मग एकेका उभ्या पाइपचा व्हॉल्व्ह बंद करून तेच मोजायचं. कोणत्या रांगेत गळतंय ते दोन रात्रींत सापडतं.

बहुतेक वेळा चोर फ्लशच्या टाकीत असतो. टाकीत खायचा रंग टाका आणि १५-२० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यात रंग उतरला आणि टाकीतली पातळी ओव्हरफ्लोच्या नळीच्या (जादा पाणी भांड्यात सोडणाऱ्या उभ्या नळीच्या) तोंडाखाली असेल, तर तळाचं रबर बसत नाहीये. पाणी त्या नळीत पडत असेल, तर दोष बॉल कॉकचा, म्हणजे टाकी भरली की पाणी बंद करणाऱ्या तरंगत्या व्हॉल्व्हचा. पातळी नळीच्या तोंडाखाली २-३ सेंटिमीटर हवी. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला साधारण ३० लिटर घेतो, पण वाहता फ्लश शेकड्यांत घेतो. भाडेकरू नळाची तक्रार करतो, फ्लशची करत नाही, कारण तो त्याला त्रास देत नाही.

बेसिन आणि फ्लशखालच्या जाळीदार लवचिक नळ्या फुटायची वाट पाहू नका. दाबलेल्या कडेशी गंज दिसला की काढा. तसंही ठरावीक वर्षांनी सगळ्या घरांतल्या एकदम बदला आणि बसवल्याची तारीख मार्करने नळीवरच लिहा. प्लास्टिकचा नट पान्याने आवळू नका. त्याला केसाएवढी चीर जाते आणि तो महिन्यांनी तुटतो, तेही घरी कोणी नसताना. अशा वेळी खालच्या तीन मजल्यांची छतं भिजतात.

कोणी नळ सोडलेला नसताना प्रेशर पंप दर काही मिनिटांनी सुरू होत असेल, तर एकतर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी मागे जाऊ न देणारा) गेलाय, कुठेतरी गळतंय, किंवा प्रेशर टाकीतली हवा गेलीय. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हची पिन दाबा. पाणी आलं तर आतला रबरी पडदा फाटलाय, हवा भरून उपयोग नाही.

*

भिंतीच्या ओलीचं भांडण नेहमीचं: मालक म्हणतो खिडक्या उघडत नाही, भाडेकरू म्हणतो पाइप गळतोय. भिंत पुसून कोरडी करा, फूटभर ॲल्युमिनियम फॉइल चारही कडांनी चिकटवा, ४८ तास ठेवा. खोलीकडची बाजू ओली झाली तर हवेतली वाफ गार भिंतीवर जमतेय. पंखा आणि खिडकी हा उपाय. भिंतीकडची ओली झाली तर पाणी आतून येतंय. हे तपासण्याआधी भिंत रंगवणं म्हणजे पैसे पोपड्यांना लावणं.

*

विजेत एकच धोका सांगतो. तीन फेजच्या इमारतीत मुख्य न्यूट्रल (सगळ्या फेजची सामाईक परतीची तार) ढिला झाला की काही घरांत दिवे मंद होतात आणि काहींत भगभगीत. ही तक्रार आली की मेन आधी बंद करा, फोन नंतर. ज्या फेजवर भार कमी तिथे व्होल्टेज चढतं आणि फ्रिज, टीव्ही एकामागून एक जळतात. वर्षातून एकदा वायरमनकडून मीटर रूममधली मुख्य जोडणी आवळून घ्या, सप्लाय बंद करून. रंग बदललेलं किंवा वितळलेलं इन्सुलेशन दिसलं तर लग (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) कापून नवीन.

लिफ्टच्या देखभालीचा करार करताना सुटे भाग धरून आहे की नुसती मजुरी, हे पाहा. स्वस्त करारात लिफ्टचा तारेचा दोर आणि कंट्रोलरचं इलेक्ट्रॉनिक कार्ड वगळलेलं असतं. बंद पडण्याच्या बऱ्याच तक्रारी दारापाशी संपतात: उंबऱ्याच्या खाचेत खडे आणि कचरा. झाडणाऱ्या माणसाला ती खाच ब्रशने साफ करायला शिकवा.

*

भाडेकरू निवडताना आत्ताच्या मालकाला विचारून फार हाती लागत नाही. त्या मालकाला हा भाडेकरू जायला हवा असेल तर तो कौतुकच करेल. त्याच्या आधीच्या मालकाला विचारा. भाडं भाडेकरूच्या उत्पन्नाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त होत असेल तर थांबा. सगळ्यांना निकष एकच, आणि लेखी. घर देताना खोलीवार फोटो, मीटरचे आकडे, दोघांच्या सह्या. अनामत रक्कम वेगळ्या खात्यात.

वसुलीला मुदत ठरलेली हवी: पहिल्या दिवशी आठवण, पाचव्या दिवशी विलंब आकार, दहाव्या दिवशी लेखी पत्र. अर्धं भाडं घेतलंत तर पावतीवर बाकी लिहा. काही ठिकाणच्या कायद्यात अर्धी रक्कम स्वीकारल्याने आधीची नोटीस कमजोर होते, तेव्हा घेण्याआधी वकिलाला विचारा.

*

वर राखीव निधीचं कोणी लिहिलं नाही. भागाची किंमत भागिले त्याचं आयुष्य, इतकंच. २४ घरांत २४ गीझर आणि आयुष्य १२ वर्षं, म्हणजे दरवर्षी २ गीझरचे पैसे बाजूला. गच्चीचं वॉटरप्रूफिंग, पंप, लिफ्ट, बाहेरचा रंग, सगळ्यांचं असंच. हे पैसे खर्चात धरा. नफा म्हणून उचललेत तर गच्ची गळायला लागेल त्या वर्षी कर्ज काढावं लागेल. गच्चीवर पाऊस थांबून ४८ तासांनंतरही डबकं दिसत असेल तर उतार बिघडलाय. तिथे नुसता थर चढवून पैसे वाया जातात.

*

व्यवस्थापनाला एजन्सी नेमणार असाल तर करारात तीन गोष्टी पाहा. टक्केवारी आकारलेल्या भाड्यावर की जमा झालेल्या? जमा झालेल्यावर हवी. दुरुस्तीच्या बिलावर ते वर किती लावतात? मूळ बिल दाखवायचं बंधन घाला. आणि न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करू शकतात? ही मर्यादा फार खाली ठेवलीत तर गळती तुमच्या होकारासाठी रात्रभर चालू राहते, म्हणून पाणी, गॅस आणि विजेच्या आणीबाणीला वेगळी, मोठी मर्यादा द्या.